नळीत वाकडे, नळीवर सरळ

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडे जितकी ऐकू येते तितकीच देशावर आणि कोकणातही ऐकू येते. म्हणीतली नळी कशाची, याचा खल कोणी करीत नाही. बांबूची असेल, नाहीतर लोखंडाची. पण जुन्या विलायती दुनळी बंदुका ज्यांनी हातात घेऊन पाहिल्या आहेत त्यांना एक गंमत ठाऊक असते. या बंदुकांच्या नळ्या मागे जिथे संपतात, त्या बुडाशी असलेल्या पोलादी पट्टीवर पुष्कळदा एक कुत्रा कोरलेला असतो. पुढचा एक पाय उचललेला, मान ताणलेली, नजर गवतात कुठेतरी खिळलेली. आणि शेपूट पाठीच्या रेषेत, पट्टीने आखावे तसे सरळ. नळीत घालून जे सरळ होत नाही म्हणतात, ते नळीच्या बुडाशी सरळ झालेले आहे.

हे शेपूट सरळ का? कोरणाऱ्याने हाताच्या सोयीसाठी तसे केले, की समोरचा कुत्राच तसा होता? आणि कुत्रा तसा असेल, तर तो जन्मतः तसा होता की कोणी त्याला तसा घडवला होता? वरवर पाहता हा शिकाऱ्यांचा आणि जुन्या बंदुका जमवणाऱ्यांचा विषय आहे. साहित्याच्या दिवाळी अंकात त्याला जागा कशाला, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. पण कलाकृती आणि वास्तव, संकेत आणि प्रमाण यांच्याविषयी जे प्रश्न आपण कथा-कवितांच्या संदर्भात वर्षानुवर्षे चघळतो, ते सगळे या अंगठ्याएवढ्या कुत्र्यात एकवटलेले आहेत. शिवाय इथे एक जास्तीची सोय आहे. झाड किंवा डोंगर रंगवणारा चित्रकार निसर्गाचे चित्र काढतो. इथे चित्रही माणसाने केलेले आहे आणि ज्याचे चित्र आहे तो प्राणीही माणसानेच, निवडून-निवडून, केलेला आहे. दोन्हींची तुलना करता येते.

आधी या कुत्र्याची ओळख. मराठीत शिकारी कुत्रा हा शब्द आहे, माग काढणारा कुत्रा असे आपण म्हणतो; पण जो वास लागताच धावत सुटत नाही तर थांबतो आणि थांबण्यातूनच सावज दाखवतो, त्याला आपल्या भाषेत शब्द नाही. इंग्रजीतले पॉइंटर आणि सेटर हेच शब्द वापरावे लागतात. शब्द नाही, कारण आपल्याकडे ते काम नव्हते. तितर-बटेर गवतात दबून बसलेले असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. पॉइंटरला त्यांचा वास लागतो आणि तो जागच्या जागी गोठतो. कोणतेही हिंस्र जनावर झेप घेण्यापूर्वी क्षणभर थबकते. मांजर उंदरापुढे थबकते ते आपण रोज पाहतो. तो क्षण माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून लांबवत नेला आणि झेप जवळजवळ पुसून टाकली. उरले ते नुसते थबकणे. मालक मागून येतो, पक्षी उठवतो, बार काढतो.

सेटरचे पूर्वीचे काम याहून वेगळे होते. बंदुका हलक्या आणि भरवशाच्या होण्यापूर्वी पक्षी जाळ्याने धरीत. कुत्र्याने वास लागताच जमिनीला पोट लावून बसायचे आणि माणसांनी जाळे पुढे ओढत न्यायचे, प्रसंगी कुत्र्याच्याही अंगावरून. सेटर हे नाव त्या बसण्यावरूनच आले. अशा कुत्र्याचे शेपूट वर असून चालणार नाही, जाळ्यात अडकेल. जाळे गेले, बंदूक आली, तसा कुत्रा उभा राहू लागला आणि शेपूट पाठीच्या पातळीत आले. सावज धरण्याचे साधन बदलले तशी जनावराची ठेवण बदलली, हे इथे ध्यानात ठेवावे.

१८५९ च्या जून महिन्यात इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावी एक प्रदर्शन भरले. आजच्या पद्धतीचे कुत्र्यांचे पहिले प्रदर्शन म्हणून त्याची नोंद होते. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर यांनाच प्रवेश होता, आणि विजेत्यांना बक्षीस म्हणून तिथल्याच पेप नावाच्या कारागिराने बनवलेल्या बंदुका देण्यात आल्या. बंदूक आणि कुत्रा यांची गाठ अशी पहिल्याच दिवशी बांधली गेली. १८६५ मध्ये बेडफर्डशायरातल्या साउथहिल येथे प्रत्यक्ष रानातली पहिली चाचणी झाली आणि १८७३ मध्ये लंडनचा केनेल क्लब निघाला. त्यानंतर जातीचे प्रमाण लेखी झाले. पॉइंटरच्या शेपटीविषयी इंग्रजी प्रमाण असे सांगते की ते बुडाशी जाड असावे, टोकाकडे निमुळते होत जावे, पाठीच्या पातळीत धरलेले असावे आणि वर वळलेले नसावे. याचा अर्थ, त्या काळच्या बंदुकीवरचे सरळ आडवे शेपूट हे कारागिराच्या मनातले शेपूट नव्हते. रानात, चाचणीत, प्रदर्शनात जे नावाजले जात होते तेच पोलादावर आले होते.

आता कोरीवकामाकडे वळू. ज्या बाजूपट्टीवर हे काम होई ती लांबट, नावेच्या आकाराची. तिच्यावर वेलबुट्टीची दाट वळणे आणि मधोमध एक छोटी मोकळी जागा सोडून तिच्यात कुत्रा. १८७५ साली वेस्टली रिचर्ड्‌स कंपनीच्या अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी नवी यंत्ररचना काढली. तिच्यामुळे बाजू आखूड आणि अधिक चौकोनी झाली. पण लांबट पट्टीची बंदूक मागे पडली नाही, आणि दोन्हींवर कुत्री कोरली जात राहिली. कोरणारे बहुधा अनाम. बंदुकीवर कंपनीचे नाव ठसठशीत असे, कोरणाऱ्याचे क्वचितच. लंडनचा हॅरी केल आणि त्याच्या हाताखाली घडलेला केन हंट अशी काही नावे पुढे आली. बाकीचे आपल्याकडच्या मूर्तिकारांसारखे आपल्या कामामागे अदृश्य झाले.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे मांडली. त्या कसोटीवर हा कुत्रा चांगला उतरतो. भोवती सगळी वेलबुट्टी गोल वळणांची आणि मध्ये एकच सरळ आडवी रेघ, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. हा विरोध डोळ्याला लगेच पकडतो. पुढे ताणलेली मान आणि मागे ताणलेले शेपूट एकमेकांना तोलून धरतात. एक पाय उचललेला असूनही कुत्रा कलंडत नाही. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोरणी पोलादात रोवून पुढे ढकलली की घाव सुरुवातीला रुंद आणि खोल जातो. हात हलका करीत वर उचलला की तो निमुळता होत संपतो. बुडाशी जाड, टोकाशी निमुळते, वळण नाही, हे त्या अवजाराच्या एका सरळ घावाचे वर्णन आहे आणि तेच जातीच्या प्रमाणातले शेपटीचे वर्णन आहे. चांगल्या कारागिराने हे शेपूट एका घावात उतरवलेले असते. जिथे ते दोन-तीन घावांत चाचपडत केले आहे तिथे भिंग न लावताही कळते.

मग हे शेपूट आकाराच्या गरजेपोटीच सरळ झाले, असे म्हणावे काय? लांबट पट्टीत उभे शेपूट मावणार नाही, म्हणून आडवे. असा युक्तिवाद करता येतो. परंतु तो टिकत नाही. कारण पुढे कुत्र्यांचे शेपूट खरोखरच उभे झाले, तेव्हा कारागिरांनी त्याच पट्टीत, वेलबुट्टी थोडी वर सरकवून, कुत्रा लहान करून, उभे शेपूट बसवले. चौकटीने बंधन घातले, पण रेघ ठरवली ती कुत्र्याने. रूपवादी समीक्षेची मर्यादा मला इथे दिसते. लयीची तत्त्वे हा कुत्रा सुंदर का दिसतो हे सांगतात. तो असाच का, हे सांगण्यासाठी रानात जावे लागते.

शेपूट उभे झाले ते अमेरिकेत. तिथल्या दक्षिणेकडच्या प्रांतांत बटेराएवढ्या बॉबव्हाइट पक्ष्याची शिकार मोठमोठ्या मळ्यांवर, घोड्यावर बसून होई. गवत उंच, अंतरे लांब. कुत्रा दूर कुठे गोठला आहे हे घोड्यावरून दिसायचे तर त्याचे शेपूट गवताच्या वर यायला हवे. १८९६ पासून तिथे पक्षी दाखवणाऱ्या कुत्र्यांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होऊ लागली. टेनेसीमधल्या ग्रँड जंक्शनचे नाव पुढे तिच्याशी कायमचे जोडले गेले. परीक्षक घोड्यावर, त्यांच्यामागे प्रेक्षकही घोड्यांवर. विसाव्या शतकात हळूहळू असे झाले की उंच शेपूट हे कुत्रा दिसण्याचे साधन न राहता कुत्रा चांगला असण्याची खूण मानले जाऊ लागले. घड्याळातल्या बाराच्या काट्यासारखे ताठ उभे शेपूट, त्याला तिकडे नावच 'बारा वाजताचे शेपूट' असे पडले. आपल्याकडे बारा वाजण्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. ज्या कुत्र्याचे शेपूट असे उभे राही त्याची पिल्ले ठेवली गेली, ज्याचे आडवे राही त्याची मागे पडली, आणि काही पिढ्यांत शेपूट खरोखर वर गेले.

इथे मूल्यमापनाचा खरा पेच आहे. शेपूट वर असले म्हणून नाक तिखट होत नाही. पक्षी शोधण्याचे सगळे काम नाकाचे. शेपटीचा त्याच्याशी संबंध नाही. उंच गवतात मालकाला कुत्रा सापडावा, ही मूळची गरज खरी होती. पण आखूड गवतातसुद्धा, मालक दहा पावलांवर असतानासुद्धा, शेपूट उभेच हवे असा आग्रह सुरू झाला, तेव्हा ती गरज संपून नुसती नजर उरली. जाळ्याने शेपूट खाली ठेवले, बंदुकीने पातळीत आणले, आणि प्रेक्षकांनी उभे केले. पहिले दोन बदल कामातून आले. तिसरा कामातून सुरू झाला, पण कामात राहिला नाही.

या बदलाची साक्ष बंदुकांवर सापडते. कनेटिकटमधल्या मेरिडन गावच्या पार्कर ब्रदर्सच्या बंदुका अमेरिकेत अजूनही जिवापाड जपल्या जातात. त्यांची प्रत जसजशी वरची तसतसे कोरीवकाम अधिक. आणि त्यावर पॉइंटर, सेटर, पक्षी. जुन्या कामात शेपूट पाठीच्या पातळीत किंवा किंचित वर. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातली म्हणून दाखवलेल्या बंदुकीवर बाराच्या काट्याचे शेपूट दिसले, तर जाणकाराच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. कोरीवकाम मागाहून कोणी नव्याने केले असेल, झिजलेल्या रेघा उकरताना आपल्या काळचा कुत्रा घातला असेल. एवढ्यावरून निकाल देता येणार नाही. कुत्रे सगळे एका साच्याचे कधीच नव्हते. पण पोथीच्या पानात एखादे अलीकडचे क्रियापद आढळावे आणि पाठ तपासावासा वाटावा, तसे हे शेपूट आहे.

माझ्या दृष्टीने या कोरीवकामाचे तीन दर्जे पडतात. पहिला, बर्मिंगहॅमच्या स्वस्त बंदुकांवरचा. तिथे कारागिराने कुत्रा पाहिलेला नाही, नमुन्याचा कागद पाहिलेला आहे. कुत्रा कोकरासारखा, पाय खुंट्यांसारखे. शेपूट सरळ आहे, पण ताण नाही. दुसरा, चांगल्या जुन्या कामाचा. तिथे मोजके घाव असतात. खांद्यावर दोन, मांडीवर तीन, शेपटीचा एक. पण त्या एका घावात कुत्र्याचा अडवून धरलेला श्वास असतो. तिसरा दर्जा अलीकडचा. इटलीत ब्रेशाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोंपिया या बंदूककारांच्या गावाच्या परिसरात बारीक टोकाच्या कोरणीने हजारो ठिपके देत छायाचित्रासारखे चित्र उठवण्याची रीत फुलली. फिर्मो फ्राकासी हे तिथले मोठे नाव. केसन्‌ केस दिसतो, डोळ्यात पाणी दिसते. हे कसब थक्क करणारे आहे, यात वाद नाही. तरीही मी दुसऱ्या दर्जाला वर ठेवीन. छायाचित्रासारख्या कामात मला एक कुत्रा दिसतो. जुन्या कामात थबकणे दिसते. ज्या जनावराचे सगळे आयुष्य एका थबकण्यासाठी घडवले आहे त्याचे चित्र थबकण्याचेच असावे. केस मोजता येणे हा त्यापुढे दुय्यम गुण आहे.

या बंदुका आपल्या भागात आल्या कशा? कलकत्त्याच्या मॅन्टन आणि रॉडा या दुकानांतून त्या देशभर जात. मध्य प्रांतात अंमलदार, मोठे मालगुजार, क्वचित वकील यांच्याकडे त्या पोचल्या. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना आला, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला पायबंद बसला. आज ज्या थोड्या घरांत अशी बंदूक आहे तिथे ती वर्षभर तेल लावून कपाटात असते आणि निवडणूक आली की ठाण्यात जमा होते. तिच्यावरचा कुत्रा मात्र अजून तितर दाखवीतच उभा आहे.

आणि हे तितर आपल्या रानातले नाही. सातपुड्यातल्या शिकारीचे साहित्य पाहावे. जेम्स फोर्सिथचे 'हायलँड्‌स ऑफ सेंट्रल इंडिया' १८७१ चे. स्टर्नडेलचे सिवनीवरचे पुस्तक १८७७ चे. त्यांतले रान वाघाचे, गव्याचे, अस्वलाचे. वाट दाखवणारे गोंड आणि कोरकू. मचाण आणि हाका. किपलिंगने सिवनीचे जंगल उभे केले त्यालाही स्टर्नडेलचा आधार होता असे मानतात. त्या रानात सावज दाखवायला कुत्रा नको होता, माणसे होती. थंड हवेतल्या कापणी झालेल्या शेतांसाठी घडवलेला पॉइंटर वैशाखात कन्हानच्या काठी काय करणार होता? शिवाय कुत्रे हा बिबट्याचा आवडता घास. म्हणजे मालगुजाराच्या बंदुकीवर जे चित्र होते ते त्याने कधीच न पाहिलेल्या शिकारीचे होते. गंमत अशी की तोवर इंग्लंडातही हाकारे लावून पक्षी उडवत आणण्याची रीत बळावली होती आणि पॉइंटरचे काम कमी होत चालले होते. काम घटत होते, चित्र मात्र कोरले जात होते.

आपल्याकडे कुत्र्याला दगडावर मान मिळाला तो वेगळ्या कारणाने. कर्नाटकातल्या आतकूरचा शिलालेख इसवी सनाच्या ९४९-५० चा आहे. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण आणि त्याचा गंगवंशी मांडलिक बूतुग यांच्या काळातला. त्यात काळी नावाचे कुत्रे रानडुकराशी झुंजताना, डुकरासह मेले म्हणून त्याच्या स्मरणार्थ दगड उभारून जमीन दिल्याची नोंद आहे. हाच तिसरा कृष्ण ९४० सालच्या देवळीच्या ताम्रपटाचा दाता. वर्ध्याकडच्या त्या पटात जिचे नाव येते ती नदी म्हणजे आपली कन्हान, असे अभ्यासकांनी मानले आहे. त्या राजवटीत कुत्र्याचा गौरव झाला तो झुंजण्यासाठी. खंडोबाच्या मूर्तीतला कुत्राही घोड्याच्या पायांशी धावतो, दैत्याला चावतो. थबकणारा कुत्रा आपल्या शिल्पात नाही. लातूर-सोलापूर-सांगलीकडचे कारवानी आणि मुधोळचे प्रसिद्ध शिकारी कुत्रे नजरेने सावज हेरून पाठलाग करणारे. त्यांचे शेपूट धावताना तोल सावरते, एरवी खाली लोंबते आणि टोकाशी थोडे वळते. ते सरळ करण्याचा कोणी प्रयत्न केला नाही, कारण वळणाने धावण्यात काही बिघडत नव्हते.

मग म्हणीतले वाकडे शेपूट कुणाचे? ते आपल्या गल्लीतल्या गावठी कुत्र्याचे. लांडग्याचे शेपूट सरळ खाली असते. पेंचच्या रानातल्या कोळसुंद्याचे झुबकेदार शेपूटही खालीच लोंबते. वळलेले शेपूट माणसाजवळ राहणाऱ्या कुत्र्याचे. १९५९ पासून रशियात नोव्होसिबिर्स्क येथे बेल्यायेव यांनी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. फक्त माणसाला न बुजणारे कोल्हे निवडून त्यांची पैदास केली, शेपटीकडे पाहिलेही नाही. तरी काही पिढ्यांत त्या कोल्ह्यांत वर वळलेली शेपटे दिसू लागली. म्हणजे ज्या वाकडेपणाला आपण हट्टी दुर्गुणाची उपमा केले, तो माणसाच्या सहवासाबरोबर आलेला दिसतो. नळीत घालणाऱ्याने हा विचार केला नाही.

याचा ताळा घ्यायला लांब जायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तिकडे जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार चाललेली असते आणि इकडे घरोघरची पोरे तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल सजवून ओढीत असतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून ही चाल आल्याचे सांगतात. सुताराने घडवलेला हा बैल मी कोरीवकाम म्हणून पुष्कळदा पाहिला आहे. वशिंड मोठे, शिंगे डौलदार, मान उचललेली. शेपूट मात्र मागच्या पायाला चिकटून खाली उतरलेले. सुटे ठेवले तर पोराच्या हातात पहिल्याच दिवशी मोडेल. सुताराने खेळण्याची गरज ओळखून ती रेघ काढली. आता खऱ्या बैलाकडे पाहा. वर्धा, नागपूर, छिंदवाडा हा गवळाऊ जातीचा मुलूख. मराठ्यांच्या काळात डोंगराळ वाटांवर झपाट्याने वाहतूक करायला हे हलके, चपळ बैल उपयोगी पडले. या जातीचे वर्णन करताना जाणकार शेपटीचा आवर्जून उल्लेख करतात: आखूड, मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या जेमतेम खाली पोचणारी. आणि बैल हाकताना तीच शेपटी पिरगाळणारे हातही आपलेच. शंकरपटातल्या बैलांचे हाल २०१४ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि बंदी आली. २०२३ मध्ये नियम घालून शर्यतींना मोकळीक मिळाली. शर्यत टिकली, पण गवळाऊ बैल ट्रॅक्टरने आणि संकराने विरळ झाला. लाकडी बैल दर पोळ्याला नवा होतो. ज्याच्यावरून तो घडला तो गोठ्यातून निघून चालला आहे. इंग्लंडातल्या पॉइंटरसारखेच इथेही काम घटते आहे आणि चित्र राहते आहे. फरक एवढाच की आपल्या पोरांच्या हातातला बैल अजून तरी कुणा परीक्षकासाठी बदललेला नाही.

परीक्षकाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या दारातले बोलतो. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी शाळा-कचेरीतली भाषा हिंदी आणि घरातली मराठी ही विभागणी तीच आहे. ही घरातली मराठी 'मले', 'तुले', 'करून रायलो' अशी आहे. तिला वाकडी म्हणणारे आणि नळीत घालून सरळ करू पाहणारे पूर्वी पुष्कळ होते. त्यांच्यावर आपण या पानांतून रागावलोही आहोत, आणि तो राग रास्त होता. वळण तिच्यात सहवासाने आले आहे. शेजारच्या हिंदीच्या, गोंडीच्या, बाजाराच्या सहवासाने.

पण आज मला भीती वाटते ती नळीची नाही, बाराच्या काट्याची. गेल्या काही वर्षांत आपल्या भागातून लिहिल्या गेलेल्या कथा मी वाचतो तेव्हा बोली त्यांत भरपूर असते. दर संवादात असते, निवेदनात शिरते, शीर्षकात येते. पुण्या-मुंबईच्या परीक्षकाला, घोड्यावरून, लांबून, उंच गवताच्या वर ती दिसावी अशी ताठ उभी केलेली असते. तो खूश होतो, बक्षीस देतो, आणि पुढच्या वर्षी आणखी चार जणांची बोली उभी राहते. त्या कथेतल्या माणसाला वास लागला आहे की नाही, तो कशापुढे थबकला आहे, हे कोणी विचारीत नाही. कापसाचा भाव पडल्यावर बायकोशी काहीच न बोलणारा शेतकरी 'मले' म्हणतो की 'मला', याला महत्त्व आहे. पण तो का बोलत नाही, हे कथेचे नाक आहे. शेपूट उंच असले म्हणून ते नाक तिखट होत नाही.

बोली लिहू नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. तिचा जो शब्द पात्राच्या कामाचा आहे तो खुशाल यावा, वाकडा असला तरी वाकडाच यावा. जो केवळ परीक्षकाला दिसावा म्हणून उभा केला आहे तो काढून पाहावा आणि कथा उभी राहते का ते तपासावे. जुन्या कारागिराने शेपटीसाठी एकच घाव खर्च केला. त्याला कुत्रा कशासाठी उभा आहे हे ठाऊक होते.